मल्लखांब आणि चाकांची फळी

आमच्या वसईंतील सोसायटीच्या आवारांत, वाहनें उभीं करण्याच्या जागेच्या अगदीं टोकाच्या कोपऱ्यांत, गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत चारपांच मुलांनीं एक लहानसा कारखानाच मांडला होता. त्यांच्यापाशीं एक स्केटबोर्ड होता; म्हणजे जेमतेम वीतभर रुंदीची, दोन्ही टोकांस किंचित् वर वळलेली आणि खालीं चार चाकें बसविलेली लांकडी फळी. तिच्यावर उभें राहून धांवावयाचें, व धांवतां धांवतां फळीसकट जमिनीवरून उडी घ्यावयाची, ही विद्या त्यांना साधावयाची होती. ती एकाएकीं साधत नाहीं हें उघडच आहे. तेव्हां त्या मुलांनीं काय केलें? कोणाच्या तरी घरच्या दुरुस्तींतून उरलेला प्लायवूडचा तुकडा आणून तो विटांवर तिरपा टेकविला आणि उतरण तयार केली. जुन्या सतरंजीची घडी जमिनीवर अंथरून तीवर स्केटबोर्ड ठेवला; म्हणजे चाकें फिरेनात व जागच्या जागीं उडीचा अभ्यास करतां येऊं लागला. तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांवर एक हलकी काठी नुसती टेकवून ठेवली. उडी उणी पडली कीं काठी खालीं पडे, पुरी झाली कीं प्रत्येक डब्याखालीं एक एक वीट चढे. पाण्याच्या जाड नळीचा हातभर तुकडा आडवा ठेवून, त्यावर पाट ठेवून, त्या डुलत्या पाटावर तोल सांभाळण्याचा उद्योगहि चाले.

आम्ही हें सारें गॅलरींतून पाहत असूं व मनांतल्या मनांत हसत असूं. पुढें पंधरवड्यानें सोसायटीची सभा भरली. आवाज होतो, वाहनांस ओरखडे पडतात आणि एखाद्याचा हातपाय मोडला तर जबाबदार कोण, असे तीन आक्षेप निघाले. तिन्ही खोटे नव्हते. आवारांतील ‘अडगळ’ काढून टाकावी असा ठराव झाला. त्या ठरावाच्या बाजूनें जे हात वर गेले त्यांत आमचाहि हात होता. दुसऱ्या दिवशीं उतरण, डबे आणि नळी भंगारवाल्याच्या गाडीवर चढलीं. मुलें कांहीं बोललीं नाहींत. तीं नुसतीं उभीं राहून पाहत होतीं.

इतिहास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला एक खोड असते. डोळ्यांपुढें घडलेली गोष्ट त्याला लगेच कळत नाहीं. तिच्यासारखी शेंदोनशें वर्षांपूर्वींची एखादी गोष्ट सांपडली म्हणजे मग ती कळते. आमचेंहि तसेंच झालें. त्याच आठवड्यांत उत्तर पेशवाईवरील आमचीं जुनीं टिपणें चाळीत असतां बाळंभटदादा देवधर हें नांव पुन्हां समोर आलें, आणि तें वाचतांना भंगारवाल्याची ती गाडी डोळ्यांपुढून हालेना. त्या अस्वस्थतेंतून सुचलेले विचार येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

कोणतीहि शारीरिक विद्या शिकतांना मनुष्याला दोन अडचणी येतात. पहिली ही कीं, ती विद्या एकसंध असते. पोहणें म्हणजे हात मारणें, पाय मारणें, श्वास धरणें आणि न भिणें हें सारें एकाच वेळीं करणें. दुसरी ही कीं, तींत चुकीची किंमत फार असते. विहिरींत जो चुकला त्याला पुन्हां चुकण्याची संधि मिळेलच असें नाहीं. या दोन अडचणींवर माणसानें जो उपाय काढला त्याचें नांव सरावाचें साधन. साधन विद्येचे तुकडे पाडतें आणि चूक स्वस्त करतें. आमच्या घरांतून अशीं साधनें पिढ्यान् पिढ्या होतीं, पण तीं इतक्या जवळचीं कीं त्यांकडे आमचें लक्षच गेलें नाहीं. मूल पांगुळगाडा धरून चालूं लागे. गाडा त्याचा तोल संभाळी आणि पायांना पावलें टाकण्याचें एकच काम शिल्लक ठेवी. अक्षर शिकणाऱ्यापुढें धूळपाटी येई. चुकलेलें अक्षर तळहाताच्या एका फटकाऱ्यानें पुसलें जाई, कागद फुकट जात नसे. कोंकणांतल्या विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळक्या भोपळ्यांची किंवा पांगाऱ्यासारख्या हलक्या लांकडाची सांगड बांधीत. बुडण्याचें भय सांगडीनें आपल्याकडे घेतलें कीं हातपाय आपलें काम शिकत. गाडा, पाटी, सांगड. तिन्ही घरचीं, तिन्ही जवळ असेल त्या वस्तूचीं केलेलीं, आणि तिन्हींचा हेतु एकच, कीं शिकणाऱ्यानें हवें तितक्या वेळां चुकावें व तरीहि शाबूत राहावें.

इतिहासग्रंथांत मात्र या साधनांना जागा मिळत नाहीं. कुस्ती जिंकली तिची नोंद होते. ज्या मातींत ती हजार वेळां हरली गेली त्या मातीची होत नाहीं. याला आमच्या महाराष्ट्रांत एक ठळक अपवाद आहे, तो मल्लखांबाचा. आणि योगायोग असा कीं, ज्या पेशव्याच्या आश्रयाशीं त्याचें नांव जोडलेलें आहे, त्या पेशव्याचा आमच्या वसईशीं संबंध आला तो एका नामुष्कीच्या प्रसंगानें.

वसईचा इतिहास म्हटला म्हणजे दोन तारखा आठवतात. पहिली सन १७३९ च्या मे महिन्याची. चिमाजीआप्पांच्या सैन्यानें तटाखालीं सुरुंग खणले, बुरूज उडविले आणि शेंकडों माणसें खर्चीं घालून पोर्तुगीजांकडून हा किल्ला घेतला. दुसरी तारीख ३१ डिसेंबर १८०२. त्या वर्षाच्या २५ ऑक्टोबर रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणें सोडून कोंकणांत उतरला, इंग्रजांच्या गलबताच्या आश्रयानें वसईस आला, आणि येथें त्यानें तो तह केला कीं ज्यानें मराठी राज्याचें स्वातंत्र्य गहाण पडलें. ज्या गांवाच्या तटावर त्याच्या आजोबांच्या भावानें भगवा लावला, त्याच गांवीं नातवानें तैनाती फौज पदरीं घेतली. दुसऱ्या बाजीरावाविषयीं इतिहासकारांनीं जें कठोरपणें लिहिलें आहे तें बहुतांशीं खरें आहे, व तें खोडण्याचा आमचा विचार नाहीं.

परंतु या पेशव्याला एक नाद होता, तो कसरतीचा व कुस्तीचा. आणि त्याच्या पदरीं एक मनुष्य होता, तो म्हणजे बाळंभटदादा देवधर. आखाड्यांच्या परंपरेंत सांगितलें जातें कीं, निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब नांवाचे दोन प्रचंड पैलवान पुण्यास आले व त्यांनीं पेशव्यांच्या दरबारास आव्हान दिलें. त्यांच्यासमोर उभें राहावयास कोणी धजेना. तरुण बाळंभटांनीं मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर अनुष्ठानास जाऊन बसले. तेथें झाडांवर चढणाऱ्या, उड्या घेणाऱ्या, फांदीला पायानें विळखा घालून लोंबकळणाऱ्या वानरांकडे पाहून त्यांना नव्या डावांची स्फूर्ति झाली; देवीच्या प्रसादानें मारुतीनेंच त्यांना शिकविलें असेंहि भाविक सांगतात. परत येऊन त्यांनीं अलीला चीत केलें व गुलाबानें माघार घेतली, असा कथेचा शेवट आहे.

आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच घ्यावी. खांबावरील व्यायाम बाळंभटांच्याहि फार पूर्वींचा आहे. कल्याणीच्या चालुक्यवंशांतील सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मल्लांच्या मेहनतीच्या प्रकारांत खांबाचा उल्लेख आलेला आहे. बाळंभटांनीं ही विस्मृतींत गेलेली मेहनत पुन्हां उभी केली व तिला शास्त्राचें रूप दिलें, एवढें श्रेय त्यांना देण्यास प्रत्यवाय नाहीं. पण आख्यायिकेंतहि एक सत्य लपलेलें असतें, तें काढून घ्यावें. बाळंभटांची खरी अडचण कोणती होती? त्यांच्यासमोर येणारा मल्ल अजस्र होता आणि तशा मल्लाशीं रोज झोंबून सराव करावयास दुसरा तसाच मल्ल जवळ नव्हता. जोडीदार नाहीं म्हणून त्यांनीं झाडाला जोडीदार केलें. झाड थकत नाहीं, रागावत नाहीं, तुमची मान मोडीत नाहीं; आणि मध्यरात्रीं उठून गेलें तरी जागचें हललेलें नसतें. पुढें झाडाचा तासून गुळगुळीत केलेला खांब झाला. या आख्यायिकेंत देवी आहे, वानर आहे, पेशवा आहे, मल्ल आहे; सुतार मात्र नाहीं. आम्हांला वाटतें कीं, कथेंतील हीच एक उणीव मोठी आहे.

त्या खांबाची घडण जरा बारकाईनें पाहण्यासारखी आहे. लांकूड सागाचें किंवा शिसवीचें, कठीण व बिनगांठीचें. जमिनींतून वर सुमारें साडेआठ फूट. बुंध्याशीं जाड, वर वर निमुळता. त्यावर बारीक मान आणि मानेवर बोंड. अंग, मान आणि बोंड हीं नांवें पाहिलीं म्हणजे कळतें कीं, करणाऱ्यानें खांबांत मनुष्यच पाहिला होता. कातडी सोलून निघूं नये म्हणून खांबाला एरंडेल चोळावयाचें, आणि हात निसटूं नये म्हणून राळेची पूड लावावयाची. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा हे सारे प्रकार मुळांत पकडीचे व सुटकेचे आहेत. खांबाला मांडीनें आवळणें म्हणजे प्रतिपक्ष्याच्या कमरेला आवळणें. त्याला वळसा घेऊन दुसऱ्या बाजूस निघणें म्हणजे त्याच्या पाठीवर जाणें. कुस्तींत क्षणांत होऊन जाणारी गोष्ट खांबावर सावकाश, तुकड्यातुकड्यानें आणि शंभरदां करतां येते. खांबाखालची जमीन उकरून मऊ केलेली असे. आतां तेथें गादी असते. चूक स्वस्त झाली ती येथें.

एकदां कल्पना सांपडल्यावर माणसांनीं ती हाताशीं असेल त्या वस्तूंनीं वाढविली. पुरलेल्या खांबाला आधार पक्का. म्हणून तो सांखळीनें टांगला व टांगता मल्लखांब झाला, म्हणजे आतां जोडीदारहि हलूं लागला. खांबाच्या ऐवजीं वेत टांगला, म्हणजे अंगाला पीळ देण्याची पकड आली; चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हां सुताचा दोर आला, आणि दोरावरील ही विद्या आज मुलींनीं विशेष आपलीशी केली आहे. यांतील एकहि फेरफार कारखानदारानें केलेला नाहीं. तो आखाड्यांत, शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या माणसांच्या गरजेनें झाला.

सन १८१८ मध्यें पेशवाई बुडाली व बाजीराव ब्रह्मावर्तास गेला. राज्य गेलें, पण खांब उरला. बाळंभटांनीं काशीस आखाडा घातला अशी परंपरा आहे. त्यांच्या शिष्यांत कोंडभटनाना गोडबोले यांचें नांव आदरानें घेतलें जातें. बडोद्यास जुम्मादादा व त्यांचे शिष्य माणिकराव यांनीं या विद्येची जोपासना केली, आणि त्याच नगरींतून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ बाहेर पडला. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सन १९१४ चें, पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चें आणि दादरचें समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चें. या सर्व आखाड्यांत खांबाशेजारीं कुस्तीचा हौद होता असें नव्हे, आणि असला तरी खांबावर चढणारा प्रत्येक मुलगा त्यांत उतरत नसे. म्हणजे जें कुस्तीसाठीं निर्माण झालें तें कुस्तीला मागें टाकून स्वतंत्र कला बनलें. सन २०१९ मध्यें मुंबईस शिवाजी पार्कवर मल्लखांबाच्या पहिल्या जागतिक स्पर्धा झाल्या. त्यांत उतरलेल्या परदेशी मुलामुलींना अली आणि गुलाब यांचीं नांवें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

साधनानेंच साध्य बनावें, हा केवळ आमच्याकडचा चमत्कार नव्हे. रोमन लोकांचा युद्धशास्त्रावरील लेखक व्हेजेशियस सांगतो कीं, नव्या शिपायांना घोड्यावर उडी मारून बसण्याचा सराव लांकडी घोड्यावर देत. प्रथम निःशस्त्र, मग शस्त्रांसह. जिवंत घोडा बिथरतो, लाथ मारतो; लांकडी घोडा हवा तितका वेळ उभा राहतो. हाच लांकडी घोडा पुढें युरोपच्या व्यायामशाळांत शिरला. सन १८११ मध्यें बर्लिनजवळच्या हाझेनहाइड येथील उघड्या मैदानांत फ्रीड्रिख लुडविग यान या शिक्षकानें लांकडाचीं साधनें उभीं करून तरुणांची व्यायामभूमि सुरू केली, आणि तिच्यांतून आजचें जिम्नॅस्टिक वाढलें. सन १८९६ च्या अथेन्सच्या ऑलिंपिकांत घोड्यावरील उडी ही स्वतंत्र स्पर्धा झाली. खरा घोडा तेथें कोणासहि नको होता. आणि इतिहासाची गंमत पाहा. सन १९३६ मध्यें ऑलिंपिकच्या निमित्तानें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक भारतीय व्यायामप्रकार दाखविण्यास परदेशीं गेलें, तें याच बर्लिन शहरीं. यानच्या लांकडी घोड्याच्या गांवीं बाळंभटांच्या लांकडी मल्लाचे वारसदार जाऊन पोंचले.

आतां आमच्या आवारांतील मुलांकडे वळूं. त्यांची चाकांची फळी ही स्वतःच मुळांत एक घरगुती सरावाचें साधन आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळीनें घसरण्याचा खेळ चाले. समुद्र रोज लाटा देत नाहीं. ज्या दिवशीं लाट नाहीं त्या दिवशीं करावयाचें काय? सन १९५० नंतरच्या दशकांत तेथील मुलांनीं पायांत घालावयाच्या चाकांच्या स्केट्स मोडून तीं चाकें फळकुटांना ठोकलीं आणि रस्त्यालाच समुद्र केलें. बाळंभटांना मल्ल मिळेना म्हणून त्यांनीं झाड धरलें. या मुलांना लाट मिळेना म्हणून त्यांनीं डांबर धरलें. दोहोंची बुद्धि एकच.

पुढें फळीवरच्या उडीचा शोध लागला. फ्लॉरिडांतील अॅलन गेल्फंड या मुलानें सन १९७८ च्या सुमारास कॉंक्रीटच्या उतरत्या भांड्यासारख्या मैदानांत, हातानें फळी न धरतां, ती पायाबरोबर हवेंत नेऊन दाखविली. त्याच्या टोपणनांवावरून त्या उडीला ‘ऑली’ म्हणतात. त्याच प्रांतांतील रॉडनी मुलन यानें ती १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सपाट जमिनीवर साधली. मुलनचा बराचसा सराव घरच्या गॅरेजांत, एकट्यानें झालेला आहे. आणि खेळाचा विस्तार पाहा: सन २०२१ मध्यें झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रथम आला, तेव्हां जपानच्या मोमिजी निशिया या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलीनें त्यांत सुवर्णपदक मिळविलें.

ही उडी पाहणाऱ्यास जादूसारखी वाटते, कारण फळी पायाला बांधलेली नसते. परंतु तिची रीत सांगतां येते. मागचा पाय फळीच्या शेपटावर झटका देतो. शेपूट जमिनीवर आपटतें व फळीचें नाक वर उसळतें. त्याच क्षणीं पुढचा पाय फळीच्या काचकागदासारख्या खरखरीत पाठीवरून पुढें घासत न्यावयाचा, म्हणजे फळी हवेंत आडवी होते. आणि हें होत असतां दोन्ही गुडघे छातीकडे ओढून फळीला वर येण्यास वाट द्यावयाची. तीन क्रिया, आणि तिन्ही निमिषार्धांत. वर चाकें फिरत आहेत तीं निराळींच.

आतां त्या ‘अडगळी’ची योजना पाहावी. सतरंजीनें चाकें थांबविलीं, म्हणजे तोलाचें भय तात्पुरतें बाजूस गेलें व तीन क्रियांचा क्रम तेवढा शिकावयाचा राहिला. नळीवरच्या पाटानें उलट केलें. उडी बाजूस ठेवून एकटा तोल शिकविला. डब्यांवरच्या काठीनें उडीला माप दिलें. ती काठी बांधलेली नव्हती, नुसती टेकविलेली होती, हें विशेष. पाय अडकला तर काठी पडावी, मुलगा पडूं नये. आणि विटांच्या चढत्या थरांनीं कालची उडी व आजची उडी यांतील अंतर मुलाच्या डोळ्यांना दाखविलें. शेवटीं उतरण, ती फळीला वेग देते आणि हवेंत थोडा अधिक अवकाश देते. हा क्रम त्यांना कोणी शिकविला होता? थोडें कोठें पाहिलें असेल, थोडें एकमेकांपासून घेतलें असेल; पण आमच्या आवारांत आमच्या विटांनीं तें उभें केलें तें त्यांनींच. शिक्षणशास्त्रावरील व्याख्यानांत आम्ही ज्याला ‘सोप्याकडून कठिणाकडे’ म्हणतों तें तेथें सतरंजीपासून उतरणीपर्यंत ओळीनें मांडलेलें होतें, आणि आम्हीं तें भंगारांत घातलें.

येथें एक सावधगिरीची गोष्टहि सांगितली पाहिजे, नाहीं तर साधनांची ही स्तुति एकांगी होईल. साधन खोटेंहि शिकवितें. सतरंजीवर फळी सरकत नाहीं, म्हणून शरीराचा भार मागें राहिला तरी चालतो. तीच संवय रस्त्यावर नेली तर फळी पुढें निसटते व मुलगा पाठीवर आपटतो. शिवाय मऊ जागेवर शेपूट नीट आपटत नाहीं. त्या आपटण्याचा कडक आवाज हीच उडीची वेळ असते, ती कानाला कळत नाहीं. आखाड्यांतहि हेंच आहे. खांब डाव घेऊं देतो, पण उलट डाव टाकीत नाहीं. जो मल्ल केवळ खांबावर वाढला तो हौदांत गोंधळतो, कारण तेथें जोडीदार हलतो. म्हणून साधनाची खरी परीक्षा ही कीं, तें वेळेवर सोडतां यावें. सांगड बांधून पोहणारा जन्मभर सांगडच बांधून राहिला तर तो पोहावयास शिकलाच नाहीं. ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आळशाला लागू पडते हें खरें. परंतु अंगण खरोखरच वांकडें असेल तर तें आधीं सपाट करून घ्यावें व नाच आल्यावर वांकड्या अंगणांतहि नाचावें, असा शहाणपणाचा क्रम आहे.

आतां आक्षेपांविषयीं. हें परदेशी खूळ आहे, असें सभेंत एक गृहस्थ म्हणाले होते. खेळ परदेशी आहे यांत संशय नाहीं. पण सन २०२२ मध्यें गुजरातेंत भरलेल्या छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत आमचा मल्लखांब प्रथमच दाखल झाला, तेव्हां त्याच स्पर्धांत ही चाकांची फळीहि होती, आणि तींत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनें महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिलें. एकाच मांडवाखालीं दोघांना जागा झाली. शिवाय आपण बाळंभटदादांचा अभिमान बाळगतों तो कशाचा? कुस्ती त्यांनीं शोधली नव्हती, खांबहि त्यांच्या आधीं होता. अभिमान आहे तो, जवळ कांहीं नसतां असलेल्या वस्तूंतून त्यांनीं मार्ग काढला याचा. तो गुण ज्या मुलांत दिसला त्यांना आम्हीं परके ठरविलें.

धोक्याचा आक्षेप खरा आहे. डोक्यावर शिरस्त्राण आणि गुडघ्याकोंपरांवर गाद्या असल्याच पाहिजेत. उतरणीखालच्या विटा सरकणार नाहींत असा आधार पाहिजे. खिळ्यांचीं टोकें बाहेर राहतां कामा नयेत. पण हें सांगण्यासाठीं मोठ्या माणसानें खालीं उतरून उतरणीपाशीं वांकून पाहावें लागतें. ठराव करणें त्यापेक्षां सोपें असतें. आणि उतरण मोडली म्हणून उडी मोडली नाहीं, हें आम्हांस पुढें कळलें. एके संध्याकाळीं आम्ही किल्ल्याकडे फिरावयास निघालों असतां तींच मुलें रस्त्याच्या कडेला, रहदारीच्या शेजारीं, दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवरून फळी उडवीत होतीं. सतरंजी नाहीं, पडणारी काठी नाहीं. म्हणजे आम्हीं धोका काढला नव्हता. आम्हीं फक्त धोका स्वस्त करणारीं साधनें काढलीं होतीं.

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. सन २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. तेव्हांपासूनहि इमारती वाढतच आहेत. ज्या गांवाला केळीच्या बागा आणि वाड्यांची अंगणें होतीं तेथें आतां प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे. अंगण हेंच सरावाचें पहिलें साधन. तें गेलें म्हणजे पांगुळगाडाहि माडीवरच्या दोन खोल्यांत फिरतो. तेव्हां एका कोपऱ्यासाठीं भांडावें कीं नाहीं, हा कोणास क्षुद्र प्रश्न वाटेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. चुकण्यास जागा नसलेल्या गांवांत कोणतीच विद्या वाढत नाहीं.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आम्हीं एक सूचना दिली आहे: टांकीमागचा कोपरा सायंकाळीं पांच ते सात मुलांना मोकळा असावा, साधनें त्यांनींच करावीं, आणि तीं तपासण्याची जबाबदारी सूचना देणाऱ्यानें घ्यावी. सूचना मंजूर होईल कीं नाहीं तें सांगवत नाहीं. मागचा ठराव एकमतानें झाला होता. दरम्यान सुताराकडून एक जाड प्लायवूडचा तुकडा, कडा घासून, आम्हीं आणून ठेवला आहे. तो अजून आमच्याच गॅलरींत भिंतीला टेकून उभा आहे. परवां त्या मुलांपैकीं एकजण कांहीं निरोप घेऊन दारांत आला होता. त्याची नजर त्या तुकड्यावर गेली. “काका, हा केवढ्याला आणलात?” असें त्यानें विचारलें, मग आंत येऊन, आमची परवानगी न मागतां, त्यानें तो उचलून पाहिला, कडेवरून बोट फिरविलें, आणि “खालीं एक आडवी पट्टी मारावी लागेल, नाहींतर मध्यें वांकेल,” असें गंभीरपणें सांगितलें. पट्टी मारण्याचें ठरलें आहे.